दोर ओढायला कुठलं ॲप?

१४ जानेवारी, तळेगाव

यंदा जे होणार आहे त्याची नोंद कुठेतरी राहायला हवी, म्हणून आजपासून लिहिते आहे. चैत्रात गावच्या यात्रेत आम्ही सुना दोर जिंकणार आहोत.

गाव आमचं आंदर मावळात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळामागच्या पटांगणात लेकी-सुनांचा दोर होतो. एका टोकाला गावच्या आठ लेकी, दुसऱ्या टोकाला गावात लग्न होऊन आलेल्या आठ जणी. दोर काथ्याचा, पाय अनवाणी, हातमोजे चालत नाहीत. जी बाजू हरेल तिने दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत वाढायचं. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली आणि बावीस वर्षं मी वाढतेच आहे. गेल्या वर्षी तर तळहात असे सोलून निघाले की आठवडाभर साधा झाडू धरता येईना. आणि नणंदबाई, भागुबाई, लेकींच्या पुढारी, पंगतीत मांडी घालून म्हणतात कशा, "राजेश्वरी, आमटी जरा हिकडं फिरव की." तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं.

आज त्यात सईची भर पडली. सई आमची एकुलती एक, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पोटची पोर असली तरी गावची लेक, म्हणून दोराला समोरच्या टोकाला, आणि तिथेही सगळ्यात शेवटी, जिथे सर्वांत दमदार मुलगी उभी करतात. तिच्यासाठी चिंचवडचं एक छान स्थळ आलंय. मुलगा इंजिनिअर, आई शिक्षिका, माणसं सुसंस्कृत. परीक्षा झाली की मे महिन्यात एकदा बघून घे म्हटलं, तर बाईसाहेबांनी तिळाचा लाडू ताटात ठेवला आणि उठून गेल्या. शेवटी अमृत, म्हणजे सईचे बाबा, वैतागून म्हणाले, "दोघी एकदा दोरावरच ठरवून टाका." ते गमतीने म्हणाले, पण आम्ही दोघींनी ते धरून ठेवलं. सुना जिंकल्या तर सई मे महिन्यात चिंचवडचा मुलगा बघणार, तोंड न वाकडं करता. लेकी जिंकल्या तर दोन वर्षं घरात लग्नाचा विषय काढायचा नाही. मी म्हटलं दोन कशाला, दहा माग, हरणार तूच आहेस.

१८ जानेवारी

तयारी शास्त्रशुद्ध करायची, म्हणून फोनवर व्यायामाची ॲप घ्यायला सुरुवात केली. चार झाली. चारही पुसून टाकली.

पहिल्याचं नाव मी 'ओरडी' ठेवलं. एक सडपातळ बाई इंग्रजीत ओरडत उड्या मारते आणि आपण थांबलो की आणखी ओरडते. माझ्या सासूबाईंनीही मला कधी इतकं बोललेलं नाही. दुसरं बासरीवालं. त्यात डोळे मिटून पडायचं, मी पडले आणि जागी झाले तेव्हा कुकर करपला होता. तिसरं नुसतं कौतुक करतं. मी चपला शोधत घरात फिरले तरी म्हणालं, शाब्बास, आज तुम्ही कमाल केलीत. असली तोंडपुजी माणसं मला नोकरीतही नको असतात. चौथं खाण्याचा हिशेब मागतं आणि त्याच्या यादीत पुरणपोळी नाही. ज्याला पुरणपोळी माहीत नाही ते आमच्या यात्रेची तयारी काय करून घेणार.

तरी मी खचलेली नाही. तुंगार्लीच्या रिसॉर्टवर हाउसकीपिंगची मॅनेजर म्हणून मी नवी माणसं रोज पारखते. ॲपही सापडेल.

२३ जानेवारी

सापडलं. श्रेय थोडं ओंकारचं. ओंकार आमच्या रिसॉर्टच्या जिमचा ट्रेनर, पाहुण्यांना व्यायाम शिकवतो. मी त्याला विचारलं, सगळ्यात चांगलं ॲप कुठलं? तो म्हणाला, "मॅडम, आधी काय करायचंय ते सांगा. त्यावरून ॲप ठरतं, ॲपवरून काय करायचं ते ठरत नाही." मी म्हटलं दोर ओढायचाय. मग त्याने पडद्याची जुनी दोरी खांबाला बांधून मला ओढायला लावली आणि माझी चूक दाखवली. मी हाताने ओढते. दोर पायाने आणि पाठीने ओढायचा असतो, आणि अर्धा वेळ तर ओढायचाही नसतो, नुसता धरून मागे रेलायचं असतं.

तर हे पाचवं ॲप. यात आपला आराखडा आपणच बांधायचा, आवाजही आपला भरता येतो, आणि वेगवेगळ्या घरांतून आठ जणी एकाच वेळी एकाच ठेक्यावर व्यायाम करू शकतात. आम्हाला नेमकं हेच हवं होतं. शिवाय कुटुंबासाठी मिळून घेता येतं. सईला सांगितलं तर ती चटकन म्हणाली, मलाही त्यात घे. आईच्या उत्साहाचा पोरीवर परिणाम होतो तो असा. हिला माझ्याच हत्याराने हरवणार, असं मी अमृतना सांगितलं. ते पेपरमागून नुसतं हं म्हणाले.

१ फेब्रुवारी

रविवार. गावी सासूबाईंच्या अंगणात आठही सुना गोळा केल्या. सासूबाई धोंडाबाई, वय झालंय पण जीभ तरुण आहे. त्याही या गावच्या सूनच, म्हणून त्यांनी आम्हाला ताक दिलं आणि ओट्यावर बसून नावं ठेवली.

देहूरोडहून वल्लरी आली होती. आमच्या चुलत दिराची सून, लग्नाला वर्ष झालेलं, कॉलेजात असताना रोज जिमला जाणारी. तिने शिट्टी होताच एकटीने असा हिसका दिला की पुढच्या दोघी तोंडावर आपटल्या. शक्ती आहे, पण प्रत्येकीची आपल्या वेळेला लागते. लेकी लहानपणापासून एका खाचरात भात लावत आल्या, त्यांचे पाय आपोआप जुळतात. आम्ही आठ गावांहून आलेल्या. बावीस वर्षं हरण्याचं कारण मला आज अंगणात समजलं.

चिमाबाई, आमच्या शेजारच्या जाऊबाई, पक्षातल्या सगळ्यात वजनदार. त्यांना ॲप दाखवलं तर म्हणाल्या, "ह्या फोनला काय ठावं दोर कसा वढत्यात?" त्यातली टिंग टिंग कुणालाच ऐकू जाईना. मग मी चिमाबाईंचाच आवाज भरला. भात लावताना बायकांना हाळी देतात तसं त्या ओरडल्या, "धरा गं... रेला गं... वढा." आता रोज पहाटे आठ घरांत चिमाबाई ओरडतात. वल्लरीचा नवरा पहिल्या दिवशी पलंगावरून उठून बसला म्हणे.

१२ फेब्रुवारी

घात झाला. ॲप कुटुंबाचं असल्यामुळे मी काय करते ते सगळं सईला दिसतं. तीन आठवडे शत्रू माझ्या फौजेची कवायत बघतोय. मी लगेच खोटा आराखडा टाकला, त्यात नुसतं चालणं आणि प्राणायाम. खरा चिमाबाईंच्या सुनेच्या फोनवर हलवला.

पण मलाही तिचं दिसलं. आणि खरं सांगते, वाईट वाटलं. पोरगी पळते आहे. आधी बरंच अंतर एका दमात, मग थोडं अंतर जीव खाऊन, आणि मग गोळाफेक. रोज तेच. दोरात कुणी पळतं का? गोळा फेकून दोर मागे कसा येणार? तिला म्हटलं, अगं, ॲप आपल्या कामाला साजेसं निवडावं, हे तुझं साफ चुकलंय. ती म्हणाली, "मला बरोबर वाटतंय ते." वडिलांचा हट्टीपणा जसाच्या तसा उतरलाय.

१ मार्च

सई हल्ली दर रविवारी गावी जाते. आजीची आठवण येते म्हणे. मला ठाऊक आहे, भागुबाईंकडून डावपेच शिकत असणार. सासूबाईंना फोन करून आडून विचारलं, तर त्यांनी वरवंटा हरवल्याची तक्रार सुरू केली. पाटा आहे, वरवंटा नाही. सई मागून म्हणाली, "मी देईन शोधून." बाकी घरात तिला स्वतःचा रुमाल सापडत नाही.

संध्याकाळी ती दाराच्या चौकटीला पाठ लावून बाबांकडून उंची मोजून घेत होती, दोनदा, टाचा टेकवून. बायोडाटात लिहायला उंची लागतेच. मनातून ती तयार होते आहे म्हणायची. मी काही बोलले नाही, उगीच बिथरायची.

ओंकारला तिचा आराखडा दाखवला. त्याने बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हे दोराचं नाही, हे तर..." मी म्हटलं, तेच तर मी म्हणते आहे, तू तरी तिला समजाव. तेवढ्यात बंगला नंबर चारच्या पाहुण्यांची गिझरची तक्रार आली आणि विषय राहिला.

१७ मार्च

आज खरं तेच लिहिते. दोन दिवस कंबर धरली आहे. आरशासमोर मागे रेलून उभी राहिले आणि वाटलं, पंचेचाळिसाव्या वर्षी हा काय पोरखेळ मांडलाय मी. फोनमधून चिमाबाई ओरडत होत्या आणि मी पलंगावर बसून ऐकत होते.

त्यात चिंचवडच्या बाईंचा फोन. फार गोड बोलतात. मुलीला स्वयंपाकाची आवड आहे ना, हल्ली फोटोत जरा काळवंडलेली दिसते, उन्हात जाते का. मी म्हटलं, कॉलेज लांब आहे. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला, कारण कॉलेज आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

सई बोलत नाही हल्ली फारशी. जेवते खूप, झोपते लवकर, अभ्यासाची पुस्तकं बदललीत. बी. कॉम.ला सामान्य ज्ञान कधीपासून लागलं कोण जाणे. कधी कधी वाटतं, पैज मोडून टाकावी आणि सरळ विचारावं, तुझ्या मनात काय आहे? पण मग ती म्हणेल आई घाबरली. आणि मला जिंकायचंय. दोन्ही गोष्टी एकदम कशा जमायच्या ते कळत नाही.

कंबर उद्यापर्यंत बरी होईल.

२९ मार्च

झाली. आणि आज आमच्या हरण्याचं दुसरं, मोठं कारण सापडलं. तेही ॲपमुळे.

सामन्याच्या आदल्या दिवशी ॲप म्हणतं, पूर्ण विश्रांती. मी वाचलं आणि हसू आलं. यात्रेच्या पहिल्या दिवशी आणि सुनेला विश्रांती? त्या दिवशी घराघरांत पाहुणे. पहाटेपासून पुरण वाटा, शेकड्यांनी पोळ्या लाटा, उष्टी काढा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोराला उभ्या राहतो तेव्हा मनगटं आधीच गेलेली असतात. आणि लेकी माहेरी आलेल्या, झोपून उठून, आयतं जेवून, ताज्या. बावीस वर्षं हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आलं असेल तरी कुणी बोललं नाही.

सुनांच्या ग्रुपवर जाहीर केलं, दोराच्या आदल्या दिवशी आपण कुणीही लाटणं हातात धरायचं नाही. चिमाबाईंचा निरोप आला, "मालक हाकलून देतील." मी म्हटलं, तालमीच्या पैलवानाला आदल्या दिवशी कुणी पीठ मळायला बसवतं का? मग आठही घरच्या पुरुषांना अमृतनी एकत्र बसवलं. काय बोलले माहीत नाही. पण पोळ्या वडगावहून मागवायच्या आणि भात-आमटी पुरुषांनी करायची असं ठरलं. एका घराने कुरकुर केली. त्या घरी स्वतः सासूबाई गेल्या, म्हणून प्रश्न मिटला.

अमृतना म्हटलं, तुम्ही माझ्या बाजूने उभे राहिलात, बरं वाटलं. ते म्हणाले, "मी दोन्ही बाजूंनी आहे." असं अधांतरी बोलायची त्यांना सवयच आहे.

१० एप्रिल, गावी

आज विश्रांतीचा दिवस होता. मला बावीस वर्षांत या गावात दुपारी करायला काही नाही असं कधी झालं नव्हतं. चुलीपुढे अमृत डोळे चोळत बसलेले, बघवेना. म्हणून पाय मोकळे करायला खाचरांकडे गेले.

आमच्या रिकाम्या खाचरात सई होती. हातात लोखंडी गोळा, मानेशी धरलेला. ती वाकली, वळली आणि फेकला. पलीकडे बांधावर सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर राखेचं टोपलं घेऊन. गोळा पडला तिथे त्यांनी उठून राखेची चिमूट टाकली आणि म्हणाल्या, कालच्यापरीस लांब. त्यांच्या शेजारी वरवंटाही पडलेला होता, म्हणजे सुरुवात त्याच्यावर झाली असणार.

मला अजूनही वाटत होतं, ही दोराचीच तयारी. मी सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, आत्या, तुम्ही सून असून लेकींना मदत करताय? त्यांनी टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "राजेश्वरी, सोमवारी पोलीस भरतीचं गिराउंड हाय तिचं. तुला खरंच ठावं न्हाई?"

पळणं, जीव खाऊन पळणं, गोळा. उंची. सामान्य ज्ञान. सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे आलं. अडीच महिने तिचं ॲप तिच्या कामाला अगदी साजेसं होतं. काम कुठलं ते मला माहीत नव्हतं.

सासूबाई पुढे बोलत होत्या. "म्या म्हनलं, पोरी, उद्या दोर धरू नगं, हात सोलल्यावर सोमवारी गोळा कसा टाकशील? तर म्हनती, आजी, दोर न्हाई धरला तर लेकी हरतील, आन् आई माजं लगीन लावंल."

मला आधी राग आला. अमृतना माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, बहुतेक ओंकारलाही कळलं होतं. मीच एकटी राहिले. सई गोळा उचलून जवळ आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली. तिचे हात बघितले. बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेत, पण कातडी शाबूत. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू विचारलंस कुठे? तू माझं ॲप दुरुस्त करत होतीस."

जी बाई बंगल्यातल्या चादरीवरून पाहुणा कसा आहे ते ओळखते, तिला स्वतःच्या घरात अडीच महिने काही दिसलं नाही. मला फार वाईट वाटलं आणि ते मी तिला तसंच सांगितलं. ती बांधावर बसली, बराच वेळ रडली, आणि मग म्हणाली, "तू नाही म्हणशील अशी भीती वाटायची." मी म्हटलं, म्हटलंही असतं. खोटं कशाला बोलू.

मग म्हटलं, उद्या तू दोराला हात लावायचा नाहीस. पैज मी हरले. दोन वर्षं नाही, तू स्वतः म्हणेपर्यंत घरात लग्नाचा विषय निघणार नाही.

ती डोळे पुसत म्हणाली, "मग उद्या तुम्हीही सोडून देणार?"

"वेडी आहेस का? आम्ही उद्या जिंकायला उतरणार आहोत."

१२ एप्रिल

जिंकलो.

हात भाजल्यासारखे दुखताहेत, पेन कापडात गुंडाळून धरलंय, पण लिहिणार. काल पटांगणात सई नाही म्हटल्यावर भागुबाईंनी आकाशपाताळ एक केलं. सुनांनी पोरीला फितवली इथपर्यंत गेल्या. तेव्हा सासूबाई उठल्या आणि भरल्या मैदानात आपल्याच लेकीला म्हणाल्या, "पोरगी पोलीस व्हनार हाय. तिच्या हाताला काय झालं तर तुला वरीसभर माहेर न्हाई." गावभर झालं. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सई लाजून देवळाच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिच्या जागी दुसरी एक लेक उभी राहिली.

तीनपैकी पहिला दोर आम्ही झटक्यात घालवला. घाई केली, वल्लरीने पुन्हा एकटीने हिसका दिला. मी तिला शेवटी उभी केली, दोर कमरेला घालून, आणि सांगितलं, तू ओढू नकोस, नुसती झाड हो. दुसऱ्याला चिमाबाई मोकळ्या आवाजात ओरडल्या. फोनमधल्यापेक्षा दसपटीने. धरा गं. धरलं. रेला गं. रेललो. समोर आठ जणी ओढून ओढून लाल झाल्या आणि त्यांच्या पायाखालची माती सरकली तेव्हा चिमाबाई म्हणाल्या, वढा.

तिसरा दोर किती वेळ चालला देव जाणे. दोन्ही बाजू नुसत्या रेललेल्या. मला समोर भागुबाईंचा चेहरा दिसत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनगटांत थकवा दिसला, आमच्यात नव्हता. आदल्या दिवशी आम्ही एकही पोळी लाटली नव्हती ना. त्यांची टाच घसरली आणि आम्ही आठही जणी एकमेकींच्या अंगावर उताण्या पडलो. चिमाबाई माझ्या पायावर. मी तिथेच मातीत पडल्या पडल्या ढसाढसा रडले. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

भागुबाई हात झटकत आल्या आणि म्हणाल्या, सई असती तर तुमी हरला असता. मी म्हटलं, वन्सं, अगदी खरं आहे. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मग त्यांनीच माझ्या तळहातांना हळद-तेल लावून दिलं.

आज पंगतीत लेकी वाढत होत्या. चिमाबाईंनी आमटी सात वेळा मागवली, भूक नसताना. सईसुद्धा लेक म्हणून वाढायला उठली. तिच्या हातात गरम आमटीचं भांडं बघून मी पानावरून उठले आणि ते काढून घेतलं. बाया म्हणाल्या, बावीस वर्षांनी बसायला मिळालं तर ही पुन्हा उठली. म्हणू देत. उद्या तिला ते हात लागणार आहेत.

१३ एप्रिल

सुट्टी टाकली. पहाटे सईला घेऊन ग्राउंडवर गेले. आत फक्त मुलींना सोडतात. गेटबाहेर झाडाखाली आम्ही आईबाप, कुणी चटईवर, कुणी मोटरसायकलवर बसलेले. एका काकांनी विचारलं, मुलगी कुठल्या अकॅडमीत जाते? मी म्हटलं, घरीच करते, ॲपवर. कुठलं चांगलं, त्यांनी विचारलं. मी सवयीने सांगायला लागणार होते, पण थांबले. म्हटलं, तुमच्या मुलीलाच विचारा, तिला काय करायचंय ते. त्यावरून ठरतं.

आतून शिट्टी ऐकू आली की सगळे एकदम उठून उभे राहायचे. मला काही दिसत नव्हतं. भिंतीपलीकडे धुळीचा लोट उठायचा तेवढाच. हात बांधलेले असल्यामुळे पाण्याची बाटलीही उघडेना, ती त्या काकांनी उघडून दिली. लेखी परीक्षा अजून आहे, निकाल त्यानंतर, ती लागेल की नाही कुणी सांगावं. न लागली तर पुढच्या भरतीला पुन्हा येऊ. यात मला आता काही शंका नाही.

उन्हं वर आल्यावर चिंचवडच्या बाईंचा फोन आला. नेहमीसारख्याच गोड. परीक्षा संपली की मे महिन्यात मुलगी बघायला येऊ का, म्हणाल्या.

मी म्हटलं, मुलगी ग्राउंडवर आहे. तिला वर्दी मिळू दे, मग तिची इच्छा असली तर मुलगा बघायला आम्हीच येऊ.